दुधाला फॅट, धानाला ओलावा. लाखोरीच्या प्रथिनाला भाव कधी?

वाचकहो, पौष महिन्यात साकोलीहून लाखांदूरच्या रस्त्याने कधी गेला असाल, तर कापणी झालेल्या धानाच्या बांध्यांमध्ये पसरलेला हिरवा वेल आणि त्यावरची निळी फुले पाहिलीच असतील. त्या पिकाला नांगरणी नाही, खत नाही, ओलीत नाही. धान कापायच्या दहा-पंधरा दिवस आधी उभ्या पिकात बी फेकायचे. बांधीत उरलेल्या ओलीवर ते उगवते आणि उन्हाळा लागायच्या आत घरात येते. ही आपली लाखोरी. कोणी तिला लाख म्हणतात, कोणी लाखोळी. छत्तीसगडात तीच तिवडा होते आणि उत्तरेत खेसारी.

ओळखीचे एक शेतकरी लाखोरीची दोन पोती घेऊन बाजारात गेले होते. व्यापाऱ्याने मूठभर दाणे हातावर घेतले आणि परत पोत्यात टाकले. म्हणाला, "लाखोरीच आहे ना जी? तिला का भाव राहते?" पोती वजनकाट्यावर गेली आणि सौदा आटोपला. दाण्यात काय आहे, हे ना व्यापाऱ्याने विचारले, ना शेतकऱ्याने सांगितले. सांगणार तरी काय? त्यालाही कोणी सांगितलेले नव्हते.

म्हणून आज या पानावर त्या दाण्याच्या पोटात काय आहे ते पाहू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे जुने आणि सर्वमान्य कोष्टक आहे. त्यानुसार १०० ग्रॅम तूरडाळीत २२.३ ग्रॅम प्रथिन असते, हरभरा डाळीत २०.८, मुगाच्या डाळीत २४.५, मसुरीत २५.१ आणि लाखोरीच्या डाळीत २८.२. सोयाबीन सोडले, तर आपल्या ताटातल्या या कोणत्याही डाळीला लाखोरीची बरोबरी करता येत नाही. किलोमागे तूरडाळीपेक्षा लाखोरीत ५९ ग्रॅम प्रथिन जास्त. त्याच संस्थेने २०२० साली ५५ किलो वजनाच्या बाईसाठी दिवसाला सुमारे ४६ ग्रॅम प्रथिनाची शिफारस केली आहे. म्हणजे दोन डाळींमधला नुसता फरकसुद्धा एका बाईच्या दिवसभराच्या गरजेहून मोठा आहे.

आणि आपण खातो काय? भात. तांदळात प्रथिन शंभरास सातच्या आसपास. त्यातही लायसिन नावाचा घटक कमी, जो डाळींमध्ये भरपूर असतो. उलट डाळींमध्ये जो घटक कमी, तो तांदळात थोडा बरा. आपल्या आज्यांनी भाताला वरणाची जोड दिली ती उगाच नाही. पण धानाच्या जिल्ह्यात वरण पातळ होत चालले, तर भाताने पोट भरेल, अंग भरणार नाही.

आता मुद्द्याचे बोलू. बियाण्याच्या शास्त्राने कडधान्यातले प्रथिन वाढवता येते का? उत्तर आहे, येते. आणि ते वाढवूनही झाले आहे. मग ते आपल्या शेतात का आले नाही, हा खरा प्रश्न आहे आणि आजचा लेख त्यासाठीच आहे.

दाण्यात किती प्रथिन साठवायचे, हे बरेचसे रोपाच्या जनुकांत ठरलेले असते. बाकीचे जमीन, पाणी आणि मुळांवरच्या गाठी ठरवतात. एकाच बांधीत दोन वाण पेरले तर एकाच्या दाण्यात २० टक्के आणि दुसऱ्याच्या दाण्यात २४ टक्के प्रथिन भरू शकते. म्हणजे निवडीला वाव आहे. पण रोपाचाही एक जमाखर्च असतो. पानांनी उन्हात तयार केलेल्या एक ग्रॅम साखरेपासून पिठूळ भाग सुमारे ०.८ ग्रॅम बनतो, प्रथिन मात्र ०.४ ग्रॅमच. प्रथिन हा महाग माल आहे. तितक्याच कमाईत रोपाने प्रथिन जास्त भरायचे ठरवले, तर दाण्याचे एकूण वजन घटण्याचा धोका असतो. पैदासकाराची सगळी डोकेदुखी इथेच आहे. प्रथिन वाढवायला जावे तर उतारा घटतो, उतारा वाढवावा तर प्रथिन घटते.

सोयाबीनमध्ये हे फार स्पष्ट दिसून आले. त्याच्या २० व्या गुणसूत्रावर एक जनुक आहे. त्याचे एक रूप असले तर प्रथिन वाढते आणि तेल व दाण्याचे वजन घटते. दुसरे रूप असले तर नेमके उलटे होते. २०२२ साली शास्त्रज्ञांनी या जनुकाची ओळख पक्की केली, तेव्हा असे आढळले की रानटी सोयाबीनमध्ये पहिले रूप आहे आणि लागवडीच्या बहुतेक वाणांमध्ये दुसरे. याचा अर्थ काय? हजारो वर्षे माणसाने मोठा दाणा निवडला. त्याने वजनाची कदर केली, रोपाने वजन दिले. प्रथिनाची कोणी विचारपूस केली नाही, ते मागे पडले.

आता आपल्या तुरीकडे या. हैदराबादजवळ पाटणचेरू येथे इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था आहे. तेथे तुरीचा संकर तिच्या रानटी भाईबंदांशी करण्यात आला. या रानतुरी दिसायला बारीक, दाणा टिचभर, पण प्रथिनाने भरलेला. पिढ्यानपिढ्या निवड करत करत १९८० च्या दशकात त्यातून जास्त प्रथिनाच्या तुरीच्या ओळी तयार झाल्या. साध्या तुरीच्या दाण्यापेक्षा त्यांच्यात शंभरामागे चार-पाच भाग प्रथिन जास्त होते. त्यातल्या काही ओळींचे उत्पन्नही नेहमीच्या वाणांच्या तोडीचे निघाले. म्हणजे उतारा न घालवता प्रथिन वाढवता येते, हे सिद्ध झाले. त्यानंतर २०११ साली तुरीच्या जनुकसंचाचे वाचनही झाले. त्यासाठी वापरलेला 'आशा' हा वाण विदर्भातल्या शेतकऱ्याला नवा नाही.

मग जास्त प्रथिनाची तूर आज आपल्या शेतात का नाही? कारण साधे आहे. शेतकरी ती पिकवून बाजारात नेईल तेव्हा काटा वजनाचाच असेल. २२ टक्केवाली आणि २७ टक्केवाली तूर एकाच ढिगात पडणार, एकाच भावात जाणार. मग त्याने नवे बियाणे कशाला शोधावे? बियाणे कंपनीने ते कशाला विकावे? प्रयोगशाळेत जिंकलेली लढाई बाजाराच्या काट्यावर हरली.

आणि असे सगळ्याच मालाचे आहे म्हणाल तर तेही खरे नाही. दूध संघात कॅन उतरवला की आधी फॅट लावतात, मग दर ठरतो. उसाचा दर साखरेच्या उताऱ्याला बांधलेला आहे. आपल्या धान खरेदी केंद्रावर ओलावा १७ टक्क्यांच्या वर गेला की पोते बाजूला काढतात. दुधात मोजता येते, उसात मोजता येते, धानात मोजता येते. डाळीतच तेवढे का मोजता येत नाही? दाणे यंत्रात ओतले की काही क्षणांत प्रथिनाचा आकडा दाखवणारी उपकरणे जगभर धान्याच्या व्यापारात वापरली जातात. गव्हाचा भाव प्रथिनावर ठरवणारे देश आहेत. अडचण यंत्राची नाही, इच्छेची आहे.

आता पुन्हा लाखोरीकडे वळतो. तुरीत प्रथिन वाढवण्यासाठी शास्त्रज्ञांना रानात जावे लागले. लाखोरीत ते मुळातच आहे. पण देवाने गुण दिला आणि सोबत एक खोडही दिली. लाखोरीच्या दाण्यात ओडॅप नावाचा विषारी घटक असतो. महिनोन्महिने लाखोरीच मुख्य अन्न म्हणून खाल्ली, तर माणसाच्या पायातले बळ जाते आणि ते परत येत नाही. मध्य प्रदेशात रीवा-सतना भागात मजुरीपोटी लाखोरीच मिळणाऱ्या वेठबिगारांचे असे हाल झाले. दुष्काळात दुसरे काही पिकत नसताना हीच तेवढी पिकते, म्हणून गरिबाने हीच खाल्ली आणि गरिबच लंगडा झाला. ही गोष्ट झाकून लाखोरीचे गोडवे गाणे हे पाप होईल.

१९६१ साली अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांत लाखोरीच्या विक्रीवरील बंदीचा नियम आला. तो लागू कधी करायचा, हे राज्यांवर सोडले होते. गंमत अशी, की विष नेमके कोणते याचा उलगडा झाला तो १९६४ साली, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत. बंदी आधी, शोध नंतर! बंदी विकण्यावर होती, पिकवण्यावर नव्हती. त्यामुळे शेतकरी पिकवत राहिला, घरी खात राहिला आणि उरलेले पडेल भावात देत राहिला. तीच डाळ पुढे तुरीच्या डाळीत आणि बेसनात मिसळली गेली. खाणाऱ्याला कळले नाही, पिकवणाऱ्याला मिळाले नाही, मधल्याचे फावले.

नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी यांनी या बंदीविरुद्ध अनेक वर्षे आवाज उठवला, उपोषणे केली. २००८ साली महाराष्ट्र शासनाने बंदी उठवली. केंद्राच्या २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांत मात्र लाखोरीवरील निर्बंधाचे कलम तसेच उतरले. एका हाताने सोडायचे आणि दुसऱ्या हाताने धरायचे, अशातला हा प्रकार. अशा पिकात पैसा गुंतवायला कोण पुढे येईल?

दरम्यान शास्त्रज्ञ गप्प बसले नव्हते. कमी विषाच्या झाडांची निवड करून दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने आधी 'पुसा-२४' हा वाण दिला. पुढे त्याच वाणाच्या ऊतींपासून काचपात्रात रोपे वाढवली. अशा रोपांत कधी कधी आपोआप बदल घडतात. त्यातून निवडलेला 'रतन' हा वाण १९९७ साली आला. रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठाने 'प्रतीक' आणि 'महातिवडा' हे वाण दिले. जुन्या गावरान लाखोरीत ओडॅपचे प्रमाण शंभरास पाव भाग, अर्धा भाग असे सापडते. या तीन वाणांत ते ०.१ टक्क्याच्या आसपास किंवा त्याखाली आले. २०१६ च्या सुरुवातीला बातमी आली, की भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या समितीने या तिन्ही वाणांना अनुकूल मत दिले आहे. आणि २०२३ साली पुसा-२४ च्या जनुकसंचाचे वाचन प्रसिद्ध झाले. रोपात ओडॅप तयार करणारे विकर कोणते, तेही शास्त्रज्ञांनी दाखवून दिले आहे. म्हणजे विषाच्या कारखान्याचा दरवाजा सापडला आहे. त्याला कुलूप घालणे आता केवळ नशिबाचा भाग राहिलेला नाही.

इतके सगळे झाले. आता साकोली तालुक्यातल्या दहा शेतकऱ्यांना विचारा, "भाऊ, तुमच्या बांधीत कोणती लाखोरी आहे?" उत्तर येईल, "कोणती म्हणजे? लाखोरीच." बी घरचे, बापाच्या काळापासूनचे. कोणी पाहुण्यांकडून पायलीभर आणलेले. रतन हे बियाण्याचे नाव आहे, हे अनेकांना माहीतसुद्धा नसेल.

यात आणखी एक मेख आहे, ती नीट समजून घ्या. लाखोरीचे फूल स्वतःच्या परागावर फळते, पण मधमाशी आली की शेजारच्या बांधीतला परागही घेते. तुम्ही एका बांधीत रतन पेरला आणि भोवती सगळी गावरान लाखोरी असेल, तर तीन-चार वर्षांत तुमचे बी मिसळून जाईल. नाव रतनचे राहील, विष जुने येईल. डोळ्यांनी पाहून दाण्यातले विष ओळखता येत नाही. शिवाय पाण्याचा ताण पडला की ओडॅप वाढते. म्हणून चांगला वाण एकट्या-दुकट्याने पेरून भागत नाही. अख्ख्या शिवारात, निदान एका सलग पट्ट्यात एकच वाण असला पाहिजे आणि बी दर काही वर्षांनी बदलले पाहिजे. हे काम एका शेतकऱ्याचे नाही, गावाचे आहे. आणि गाव उभे करणे हे यंत्रणेचे काम आहे.

काही डॉक्टर मंडळी म्हणतील, कशाला हा उपद्व्याप? दुसऱ्या डाळी आहेत ना. त्यांची काळजी खोटी नाही. ज्याने लाखोरीने लंगडा झालेला माणूस पाहिला, तो असेच म्हणेल. पण त्यांना एक विचारावेसे वाटते. बंदी असताना लाखोरी खाणे थांबले का? आपल्या घराघरात लाखोरीचे वडे होतातच. कोवळ्या शेंड्यांची भाजी होते, वाळवून ठेवतात. तूरडाळीचा भाव कडाडला की गरिबाच्या घरी लाखोरीचेच वरण शिजते. खाणे थांबणार नसेल, तर बिनविषारी खाऊ द्यायचे की विषारी, एवढाच प्रश्न उरतो. बंदी घालून आपण दाण्याची तपासणी केली नाही, फक्त दाण्याचे नाव लपवले.

आणि दुसऱ्या डाळींचे म्हणाल, तर त्या आमच्या बांधीत येतात कुठे? भारी धान निघेपर्यंत हरभऱ्याची वेळ टळते. चिखलणी केलेली जमीन वाळली की दगड होते, तिथे नांगर चालत नाही. मामा तलावाचे पाणी रब्बीला पुरेलच असे नाही. उभ्या धानात फेकून येणारे पीक म्हणजे लाखोरी, जवस आणि अशीच दोन-चार. ते गेले तर बांधी रिकामी. वर लाखोरी मुळांवाटे जमिनीत नत्र सोडून जाते, त्याचा फायदा पुढच्या रोवणीला होतो, तो वेगळा.

सरकारचे धोरण पाहा. हमीभावाच्या यादीत तूर, मूग, उडीद, हरभरा आणि मसूर ही पाच कडधान्ये आहेत. लाखोरी नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राने डाळींच्या स्वयंपूर्णतेचे मोठे अभियान मंजूर केले. त्याचा भर तूर, उडीद आणि मसूर यांच्यावर. लाखोरी तिथेही नाही. देशात डाळ कमी पडते म्हणून परदेशातून जहाजे येतात आणि बिनखर्चाने २८ टक्के प्रथिन देणारे पीक साकोलीच्या बांधीत बेवारस उभे आहे. याला काय म्हणावे?

म्हणून काही सूचना करतो. त्या अवघड नाहीत.

पहिली. साकोलीत कृषी विज्ञान केंद्र आहे. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे ते केंद्र आहे. धानाच्या वाणांना साकोलीचे नाव लाभलेले आहे. या केंद्राने तालुक्यातली दोन-तीन गावे निवडून तिथे फक्त कमी ओडॅपच्या लाखोरीचे बीजोत्पादन घ्यावे. सगळ्या शिवारात एकच वाण. जुने बी त्या गावातून बदलून घ्यावे, पायलीला पायली.

दुसरी. बाजार समितीत किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी लाखोरीच्या नमुन्याची तपासणी व्हावी. ओडॅप किती आणि प्रथिन किती, दोन्ही आकडे पावतीवर यावेत. ओडॅप मोजण्याची रासायनिक पद्धत अनेक वर्षांपासून उपलब्ध आहे. तपासून कमी विषाची ठरलेली लाखोरी वेगळ्या ढिगात जावी आणि तिला वेगळा भाव मिळावा.

तिसरी. विद्यापीठाच्या पैदासकारांनी कडधान्याचा नवा वाण प्रसारित करताना एकरी उतारा जसा सांगता, तसाच एकरी प्रथिनाचा उताराही सांगावा. तीन क्विंटल दाणा, त्यात २३ टक्के की २८ टक्के, हे शेतकऱ्याला कळू द्या. कटकला तांदळात १० टक्के प्रथिनाचा 'सीआर धान ३१०' तयार झाला आणि त्याच्या नावासोबत प्रथिनाचा आकडा देशभर गेला. मग डाळीच्या वाणांचा आकडा कपाटात का?

चौथी सूचना आपल्याच घरासाठी. वाचकहो, तुमच्याकडे जुनी लाखोरी असेल, तर ती रोजचे मुख्य अन्न करू नका. गरम पाण्यात काही तास भिजवा, ते पाणी फेकून द्या आणि मग शिजवा. विषाचा बराचसा भाग पाण्यासोबत जातो. तुरीच्या किंवा मुगाच्या डाळीसोबत आलटून पालटून खा. लहान लेकरांच्या बाबतीत जास्त जपा. आणि येत्या हंगामात बी फेकण्याआधी कृषी सहायकाला एकदा विचारा, "साहेब, रतन किंवा प्रतीकचे बी कुठे मिळते?" दहा जणांनी विचारले तर तो वर विचारेल. कोणीच विचारले नाही तर वर सगळे आलबेल आहे असेच कळेल.

बियाण्याच्या शास्त्रात पुढेही खूप होणार आहे. जनुकांची अक्षरे वाचून झाली, आता ती हवी तशी जुळवण्याचे दिवस आहेत. ३० टक्के प्रथिनाची तूर, बिनविषारी लाखोरी, दोन्ही येतील. पण काल जे तयार झाले ते आजपर्यंत बांधीत पोहोचले नाही, तर उद्या तयार होणारे तरी कसे पोहोचणार? शास्त्रज्ञाने दाण्यात गुण भरायचा, शेतकऱ्याने तो पिकवायचा आणि बाजाराने त्याची किंमत करायची. तिघांपैकी दोघांनी आपले काम केले आहे.

ते ओळखीचे शेतकरी पुढच्या वेळी पोती घेऊन जातील तेव्हा व्यापाऱ्याने "लाखोरीच आहे ना?" असे न विचारता "कोणती लाखोरी, आकडा किती?" असे विचारावे, एवढीच अपेक्षा. कृषी खाते, विद्यापीठ आणि बाजार समिती यांनी यात लक्ष घालावे. धान निघायला फार वेळ उरत नसतो, आणि लाखोरी फेकायची वेळ त्याच्याही आधी येते.